सत्तावीस नंबरचे खेचर आणि एक हिवाळा

धुळ्यात देवपूरला आमच्या महाविद्यालयाच्या फाटकावर ऑक्टोबर २०२४ मध्ये नवे पहारेकरी रुजू झाले. सुकदेव निंबा बोरसे, वय त्रेचाळीस, माजी हवालदार. गाव शिंदखेडा तालुक्यात, दोंडाईचापासून नऊ किलोमीटरवर. मी महाविद्यालयाचा कार्यालय अधीक्षक आहे. ते रुजू झाल्यानंतर नवव्या दिवशी मी त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला.

कारण साधे होते. कामाच्या वेळेत मोबाइलवर बोलायचे नाही, असा नियम आहे. आणि हे गृहस्थ मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता फाटकाजवळच्या निंबाखाली उभे राहून वीस मिनिटे बोलत होते. शुक्रवारी पुन्हा तेच.

आमचा शिपाई चिंधा याने चौकशीचे काम स्वतःहून अंगावर घेतले होते. तो म्हणाला, "भाऊसाहेब, घरनी भानगड दिखस. 'चाल वं माय, चाल वं माय' करी राह्यना. बायको माहेरी जाई बसनी व्हई."

दुसऱ्या दिवशी खुलासा आला. अक्षर वळणदार होते. मजकूर पूर्ण देतो: "महोदय, मी कामाच्या वेळेत फोनवर बोललो हे खरे आहे. सदर संभाषण एका खेचराशी होते. खेचर सरकारी आहे. कळावे."

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ खुलासे वाचले आहेत. हा कोणत्या फाइलला लावावा ते मला समजले नाही. मी सुकदेवभाऊंना बोलावून घेतले, खुर्ची दिली आणि चहा सांगितला. पुढची हकीगत त्या दिवशी सुरू झाली आणि थोडी थोडी करून वर्षभर चालली. डोंगरातल्या त्या ठिकाणाचे नाव त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

लष्करात अजून खेचरे आहेत, हे मला माहीत नव्हते. जिथे रस्ता संपतो तिथून वरच्या चौक्यांवर रॉकेल, पीठ, बटाटे, औषधे आणि दारूगोळा खेचराच्या पाठीवरून जातो. एका खेचरावर सत्तर किलो, एका खेचरामागे एक माणूस. सुकदेवभाऊ २००० साली एकोणिसाव्या वर्षी भरती झाले आणि खेचरांच्या तुकडीत गेले. गावात त्यांनी आधी फक्त 'मिलिटरीत ड्रायव्हर' असे सांगितले होते. ते खोटे नव्हते, खेचर चालवणाऱ्याला तिथे ड्रायव्हरच म्हणतात. लग्न त्यावर जमले. मंजुळाबाईंना वाहन कोणते ते लग्नानंतर दोन महिन्यांनी कळले.

२०११ साली त्यांच्या ताब्यात एक चार वर्षांची मादी आली. खुरावर २७ हा आकडा डागलेला होता, म्हणून ती सत्तावीस. लष्करात खेचराला हुकूम हिंदीत द्यायचा असतो. शब्द ठरलेले आहेत आणि ते सगळ्या ड्रायव्हरांना सारखेच शिकवतात, म्हणजे माणूस बदलला तरी जनावर अडत नाही. व्यवस्था उत्तम आहे.

सुकदेवभाऊंनी ती मोडली. मुद्दाम नाही. चढण तीन तासांची, उतरण दोन तासांची, आणि तुकडीत दुसरा खान्देशी माणूस नव्हता. मधे एक साक्रीचा स्वयंपाकी आला होता, तो सात महिन्यांत बदलून गेला. तेव्हा रोजच्या वाटेवर सुकदेवभाऊ जे बोलत ते सत्तावीसशी बोलत आणि खान्देशीतच बोलत. गावात पाऊस किती झाला, भावाने कपाशीचे काय केले, सगळे. हुकूमही हळूहळू त्याच बोलीत होऊ लागले. 'चाल वं माय' म्हणजे चाल. 'हयूहयू' म्हणजे हळूहळू. 'खाले देख' म्हणजे खाली पाहून पाय टाक.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढे सगळे तिच्यावर आले. वर जाताना जेवणाची भाकरी थंडीने दगडासारखी होते. म्हणून ते ती कापडात गुंडाळून सत्तावीसच्या पालाणाखालच्या घोंगडीत, अगदी तिच्या अंगाला लागून ठेवत. वर पोचेपर्यंत भाकरी मऊ आणि कोमट राहायची. थोडा वास यायचा. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

दरवर्षी ते सत्तावीसचा पोळाही करत. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचे खांदे तुपा-हळदीने मळतात. खेचराच्या खांद्यावर जू नसते, पाठीवर पालाण असते, म्हणून ते पाठ मळत. लंगरमधून, म्हणजे तुकडीच्या स्वयंपाकघरातून, वाटीभर तूप मागून आणत. दुसऱ्या दिवशी कपाळावर गोंडा आणि जमेल तसा पुरणाचा मांडा. बाकीचे ड्रायव्हर हसत. "गिरधर नावाचा एक राजस्थानी होता, तो म्हणायचा, बोरसे, पुढच्या वर्षी हिची वरातही काढ," त्यांनी मला सांगितले. अकरा वर्षांत सत्तावीसच्या पाठीला पालाणाची एकही जखम झाली नाही. गिरधरच्या खेचराला चार झाल्या.

२०२२ च्या सप्टेंबरात तुकडीत नवी साधने आली. एक, जाड चाकांची छोटी बग्गी, जी डोंगरात कुठेही चढते. दोन, ओझे वाहणारे ड्रोन. सोबत कंपनीचा इंजिनियर आला. रीतसर चाचणी झाली. सहा खेचरे जे ओझे तीन तासांत नेत, ते बग्गीने पन्नास मिनिटांत नेले. ड्रोनने पंधरा किलो नऊ मिनिटांत वर पोचवले आणि रिकामे होऊन परत आले. कोणाला चाबूक नाही, चंदी नाही, लीद नाही.

"टाळ्या मी बी वाजाड्यात," सुकदेवभाऊ म्हणाले. "चांगली वस्तू शे ती."

चाचणी यशस्वी ठरली आणि तुकडीतली तीसच्या तीस खेचरे ऑक्टोबरात कास्ट करायचे ठरले. कास्ट म्हणजे यादीतून नाव कमी. सुकदेवभाऊंनी पूर्वी कास्ट झालेली जनावरे पाहिली होती. ट्रकमध्ये चढवतात आणि ट्रक खाली जातो. त्यापुढचा कागद त्यांच्यापर्यंत कधी आला नव्हता. यादीत सत्तावीसचे नाव होते. तेव्हापासून त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता, सत्तावीस राहते की जाते.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. 'प्रयोग यशस्वी' असे लिहिलेले दिसले, की प्रयोग कोणत्या महिन्यात केला ते मी आधी पाहतो. दहावी शिकलेल्या सुकदेवभाऊंनीही तेच पाहिले. ते मेजरसाहेबांकडे गेले. बोलणे हिंदीत झाले, मी मराठीत देतो.

"साहेब, चाचणी चांगली झाली. पण हा सप्टेंबर आहे."

"मग?"

"सप्टेंबरात माझी आईसुद्धा वर जाईल. तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत."

मेजरसाहेब हसले नाहीत. "तुला काय हवंय, बोरसे?"

तेव्हा सुकदेवभाऊंनी त्यांना गोऱ्हा कसा तयार करतात ते सांगितले. मला सांगताना ते आपोआप खान्देशीत गेले: "भाऊसाहेब, नवा गोऱ्हा लई उनात म्हनीसन आपण म्हतारा बैल लगेच बाजारमा धाडतस का? नई ना? एक अंगे नवा, एक अंगे जुना, दोन्हीसले एकच जोतले जुंपतस. नवा जोर करस, जुना वाट दखाडस. एक हंगाम जाऊ देतस. मंग देखतस, कोन काय कामना शे."

मेजरसाहेबांच्या घरी शेती होती. ते म्हणाले, "आमच्याकडेही असंच करतात. एक हिवाळा. किती खेचरं ठेवायची?"

"सहा."

"तिसातली सहा कोण निवडणार?"

"साहेब, पाच तुम्ही निवडा."

मेजरसाहेबांनी अट घातली. निवडलेले प्रत्येक खेचर आपला ड्रायव्हर सोडून दुसऱ्या माणसाबरोबर शंभर पावले चालले पाहिजे. अट रास्त होती. पाच खेचरे चालली. सत्तावीसचे दावे एका शिपायाने धरले आणि नियमातला शब्द उच्चारला. ती हलली नाही. त्याने चणे दाखवले. तिने चणे खाल्ले. हलली नाही. त्याने ओढले, मागून दुसऱ्याने ढकलले. जेवणाच्या सुटीत काउंटरवर बसलेला माणूस जसा समोर पाहतो तशी ती समोर पाहत राहिली.

तीस पावले मागे उभ्या असलेल्या सुकदेवभाऊंना राहवले नाही. "चाल वं माय," ते म्हणाले.

ती चालू लागली. शिपाई दाव्याबरोबर गेला.

"ही कोणती भाषा?" मेजरसाहेबांनी विचारले.

"खान्देशी, साहेब."

"नियमातले शब्द तुला येत नाहीत?"

सुकदेवभाऊंनी सगळे शब्द ओळीने म्हणून दाखवले.

"मग?"

"बोलायला दुसरं कोणी नव्हतं, साहेब."

मेजरसाहेब म्हणाले, "जे साधन एकाच माणसाच्या हातात चालतं ते साधन नाही, अडचण आहे. उद्या तू आजारी पडलास तर वरच्या लोकांनी काय करायचं?" मला सांगताना सुकदेवभाऊ म्हणाले, "चूक मन्हीच व्हती." सत्तावीसच्या नावापुढे 'सशर्त' असा शेरा पडला. चोवीस खेचरे ऑक्टोबरात खाली गेली. त्यात गिरधरचे होते. गिरधर त्या दिवशी जेवला नाही, आणि वरातीचा विनोद त्याने पुन्हा केला नाही.

बग्गी नोव्हेंबरपर्यंत उत्तम चालली. डिसेंबरात वाट बर्फाखाली गेल्यावर ती दुसऱ्या वळणापर्यंत जाऊन परत येऊ लागली. ड्रोनला थंडी बाधली. यंत्र ठीक होते, बॅटरी थंडीत बसायची. खाली भरलेली शंभर टक्के बॅटरी वर उघड्यावर चाळिसावर यायची. एक ड्रोन नाल्यात उतरले आणि राहिले. त्यात लोकरीचे पायमोजे होते. इंजिनियर रोज आकडे लिहून घेत होता. तो भला माणूस होता असे सुकदेवभाऊ सांगतात. त्याने एकदाही थंडीला दोष दिला नाही. "थंडी इथलीच आहे, आम्हीच नवे आहोत," असे तो म्हणे.

जानेवारीत पाच दिवस सलग बर्फ पडला. वरच्या चौकीत अकरा माणसे होती. सहाव्या दिवशी सकाळी वायरलेसवर निरोप आला की रॉकेल दोन दिवसांचे उरले आहे आणि एका जवानाच्या छातीत कफ भरला आहे, औषध हवे. बग्गी निघाली आणि दुसऱ्या वळणावरून परत आली. खालून ड्रोन सोडण्यात अर्थ नव्हता. मेजरसाहेबांनी ठरवले की सहाही खेचरे निघतील, त्यातल्या एकावर ड्रोनही जाईल, आणि सोबत इंजिनियर. वाट कुठे तुटली असेल तर तिथून ते उडवायचे.

"बॅटरीचं काय?" इंजिनियर म्हणाला. "तीन तासांत ती दगड होईल."

सुकदेवभाऊंना दगड हा शब्द ओळखीचा होता. "साहेब, मी भाकरी ठेवतो तिथे ठेवू का?"

जागा दाखवल्यावर इंजिनियरने नाकाला रुमाल लावला, पण हात घोंगडीत घातला. हात त्याने बराच वेळ बाहेर काढला नाही. मग दोन्ही बॅटऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सत्तावीसच्या डाव्या-उजव्या बाजूला घोंगडीत बसवल्या. त्या दिवशी सुकदेवभाऊंनी भाकरी खिशात नेली.

अडीच तास सगळे ठीक चालले. सत्तावीस पुढे होती. चौकीच्या अलीकडे एक नाला लागतो, तिथे येऊन ती थांबली.

"चाल वं माय," सुकदेवभाऊ म्हणाले.

ती चालली नाही. अकरा वर्षांत हे शब्द ऐकून ती पहिल्यांदाच थांबून राहिली. समोर बर्फ सपाट होता, नेहमीची वाट वाटत होती. मागून दुसरे खेचर घेऊन येणारा गिरधर ओरडला, "बोरसे, आता कोणती भाषा हवी तिला?" सुकदेवभाऊंनी हातातली काठी पुढे बर्फात दाबली. काठी गेली, मूठ गेली, हात कोपरापर्यंत गेला. खाली पोकळ होते. वाट नाल्यात वाहून गेली होती आणि वर नुसता बर्फाचा पापुद्रा होता.

खेचरांना पलीकडे जाणे शक्य नव्हते. चौकी समोर दिसत होती, चारशे मीटर. मध्ये हवा होती, आणि हवेतून जाणारे साधन सोबत होते. इंजिनियरने बॅटऱ्या काढून तपासल्या. बाहेर उणे अठरा होते. बॅटरीचे तापमान अधिक एकवीस.

आधी औषध गेले. मग पाच-पाच लिटरचे डबे करून रॉकेल. एक बॅटरी उडायची तेव्हा दुसरी घोंगडीत गरम व्हायची. सत्तावीस उभी राहून चणे खात होती. वारा सुटेपर्यंत सात फेऱ्या झाल्या. अकराही माणसे पुढे धडधाकट खाली आली. छातीवाला जवान आता नाईक झाला आहे.

हा प्रसंग ऐकून मी विचारले, "म्हणजे शेवटी खेचर जिंकले?"

सुकदेवभाऊ माझ्याकडे नव्या शिपायाकडे पाहावे तसे पाहत म्हणाले, "भाऊसाहेब, खेचर उडत नई. नाला तिन्हाकडथून वलांडाना नई. दोन्ही व्हतात म्हनीसन व्हयनं."

इंजिनियरने सविस्तर अहवाल लिहिला. त्याची प्रत मी पाहिलेली नाही, पण एक ओळ मेजरसाहेबांनी सुकदेवभाऊंना वाचून दाखवली होती आणि ती त्यांना पाठ आहे. ड्रोनसोबत लागणाऱ्या साहित्याच्या यादीत आठवा क्रमांक असा होता: 'बॅटरीसाठी सजीव ताप-नियंत्रण व्यवस्था (खेचर), नग एक.' जुन्या यादीतून जाणारे नाव अशा रीतीने नव्या यादीत आले. मला ही नोंद निर्दोष वाटते.

सहा खेचरे राहिली. पण सत्तावीसपुढचा 'सशर्त' हा शेरा राहिलाच. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस सुकदेवभाऊंची चोवीस वर्षे भरणार होती. जाण्याआधी तीन महिने सत्तावीसचे दावे लान्स नाईक बैकुंठ साहू यांच्या हातात दिले. बैकुंठ ओडिशाचे, वय तिशीचे, शांत माणूस. मेजरसाहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी स्पष्ट शब्दांत सांगितले की येत्या मार्चपर्यंत सत्तावीस बैकुंठबरोबर चालली तर राहील, नाही तर कास्ट.

तीन महिने ती व्यवस्थित चालली. चूक कुठे होती ते कोणाच्या लक्षात आले नाही. दावे बैकुंठच्या हातात होते, पण शेजारून बोलत होते सुकदेवभाऊ.

निवृत्त होऊन ते दोन सप्टेंबरला दोंडाईचा स्टेशनवर उतरले. त्या दिवशी पोळा होता. चोवीस वर्षांत पोळ्याला ते पहिल्यांदा घरी होते. अंगणात बैल सजवून उभे, मंजुळाबाई ताटात मांडा घेऊन आलेल्या, आणि फोन वाजला.

"दादा, हलत नाही," बैकुंठ म्हणाले.

"फोन तिच्या कानाशी धर."

भावकीतले सगळे पाहत असताना सुकदेवभाऊ ओरडून म्हणाले, "चाल वं माय! हयूहयू!" अंगणातले दोन्ही बैल चालू लागले. त्यांना आवरायला चार माणसे लागली.

मंजुळाबाई म्हणाल्या, "बारा वरीस तिले मांडा खावाडा. आज तरी घरना बैलले खावाडा आन् फोन ठेवा. पुऱ्या गावले समजनं, मन्ही सवत मिलिटरीमा शे."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, खेचरे निघण्याच्या वेळी फोन येऊ लागला. हेच ते निंबाखालचे बोलणे.

फोनचे कारण कळल्यावर मी लेखी आदेश काढला: 'श्री. बोरसे यांना मंगळवार व शुक्रवार सकाळी ६.४५ ते ७.०५ या वेळेत शासकीय स्वरूपाच्या दूरध्वनीसाठी मुभा देण्यात येत आहे.' प्राचार्यांनी सही करताना विचारले, "कोणतं शासकीय काम?" मी म्हणालो, "संरक्षण." त्यांनी सही केली.

फोनचा प्रकार मात्र फार काळ टिकणारा नव्हता. तळावर नेटवर्क होते, दुसऱ्या वळणानंतर नव्हते. नेटवर्क गेले की सत्तावीस थांबायची. म्हणजे ज्या वळणावरून बग्गी परत यायची, बरोबर तिथूनच आता खेचरही परत येऊ लागले. सुकदेवभाऊंना ते फार लागले.

बैकुंठनी मग त्यांचा आवाज रेकॉर्ड केला. पहिल्या दिवशी त्यावर सत्तावीस तिसऱ्या वळणापर्यंत गेली. तिथे घसरण होती, ती थांबली. रेकॉर्ड 'चाल वं माय' म्हणत राहिले. ती थांबून राहिली आणि ते म्हणत राहिले. त्या दिवसानंतर रेकॉर्ड ऐकले की ती मान फिरवायची.

"तिन्हं बरोबर शे," सुकदेवभाऊ मला म्हणाले. "रेकॉर्डले खालनं दिखस का? ज्याले खालनं दिखत नई त्यानं काबं ऐकनं?"

डिसेंबर निम्मा संपला होता. मार्चला अडीच महिने होते. त्या शुक्रवारी त्यांनी निंबाखाली उभे राहून बैकुंठना सांगितले की आता मी बोलणार नाही, तू बोल. तू चुकलास तरच मी बोलीन. बैकुंठनी वहीत सगळे शब्द उडिया लिपीत लिहून घेतले. मंगळवारी आणि शुक्रवारी मी फाटकातून आत येताना शिकवणी ऐकू यायची.

"खाले देख, असं म्हण."

पलीकडून काहीतरी येई.

"असं नई भो. तू साहेबले सलाम ठोकी राह्यना. मायले सांगी राह्यना असं बोल. आन् नुसता हुकूम नको. मधमा काही बोलत राह्य. तुन्हा घरनं सांग तिले."

"घरचं काय सांगू, दादा?"

"पाऊस कितला व्हयना ते सांग."

चिंधा एव्हाना पक्षात आला होता. तो दर वेळी विचारी, "हवालदार, कथालोंग गयी?" आणि सुकदेवभाऊ वळणाचा नंबर सांगत. जानेवारीत चौथे वळण. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नाल्याच्या अलीकडे. फोनवर त्यांचे बोलणे दर आठवड्याला कमी होत गेले. शेवटी शेवटी ते फोन कानाला लावून नुसते उभे असत आणि बैकुंठचे ऐकत.

पंचवीस फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी ठरलेल्या वेळी फोन आला नाही. सुकदेवभाऊंनी चहा घेतला नाही. त्या दिवशी त्यांनी फाटकात दोन प्राध्यापकांना ओळखपत्र विचारले. दुपारी साडेबाराला फोन आला. आदेशातली वेळ नव्हती, मी खिडकी लावून घेतली. तरी ऐकू आले. बैकुंठ ओरडून बोलत होते, आणि बोलत होते ते खान्देशीत: "दादा, ऊनी! वर जाईसन ऊनी! बठ्ठी वाट मीच बोलनू!"

सत्तावीस वर जाऊन आली होती, आणि सगळी वाट बैकुंठच बोलले होते. मार्चमध्ये साहेबांनी तिच्यापुढचा शेरा काढला. ती राहिली.

पुढच्या मंगळवारी पावणेसातला मी आलो तेव्हा सुकदेवभाऊ फोन हातात घेऊन निंबाखाली उभे होते.

"आज फोन नाही?"

"नई, भाऊसाहेब. आते गरज नई."

"मग?"

"आदेशमा टाइम लिखेल शे."

सात वाजून पाच मिनिटांनी ते फाटकावर गेले. तो आदेश मी अजून रद्द केलेला नाही.

जूनमध्ये आमच्याकडे चेहरा पाहून हजेरी लावणारे यंत्र आले. माझ्या निवृत्तीला वर्षही उरलेले नव्हते. यंत्र सुरू करा, पण हजेरीचे रजिस्टर हे वर्ष सोबत चालू ठेवा, एवढेच मी लिहून दिले. कारण विचारले तेव्हा 'हिवाळा जाऊ द्यावा' असे लिहिले. धुळ्याचा हिवाळा काय आणि यंत्राला त्याचे काय, असे प्राचार्य म्हणाले. पण रजिस्टर चालू आहे.

पोळा या वर्षी बावीस ऑगस्टला, शुक्रवारी आला. सुकदेवभाऊंनी सुटी मागितली नाही. पावणेसातला त्यांच्या फोनवर एक फोटो आला आणि त्यांनी तो मला आणून दाखवला. सत्तावीस उभी आहे, कपाळावर लाल गोंडा आहे, समोर ताटात काहीतरी गोल, जाड आणि करपलेले आहे. ते पुरणाचा मांडा असावे. शेजारी बैकुंठ साहू कडक उभे आहेत.

सुकदेवभाऊंनी फोटो बराच वेळ पाहिला.

"गोंडा उलटा बांधेल शे," ते म्हणाले.

मग त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, सत्तावीसच्या पाठीवर आणला, तिथून पोटाकडे नेला, पुन्हा पाठीवर आणला. तुपाने पाठ चकाकत होती. जखम कुठे नव्हती.

"पाठ चांगली शे," ते म्हणाले, आणि फाटक उघडायला गेले.